मुंबईच्या तळ्यांतून जगाच्या नकाशावर : युनेपियस कार्टेरी

युनेपियस कार्टेरी हा गोड्या पाण्यात वाढणारा स्पंज आहे. भारतातील तळी, तलाव, कालवे आणि संथ वाहणाऱ्या नद्या यांत तो दूरवर पसरलेला आहे. आपल्याकडील गोड्या पाण्याच्या स्पंजांपैकी आकाराने सर्वांत मोठ्या होणाऱ्या जातींत त्याची गणना होते. बुडालेल्या काटक्या, पाणवनस्पतींचे देठ, विटा, घाटाच्या पायऱ्या असा कोणताही आधार त्याला चालतो. राखाडी, तपकिरी किंवा हिरवट रंगाचा ओबडधोबड गोळा, त्याच्या पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना दिसणारी मोठी भोके आणि हातात घेतल्यावर येणारा उग्र, तेलकट वास, ही त्याची बाह्य ओळख. तळ्याकाठी वावरणाऱ्यांनी तो अनेकदा पाहिलेला असतो, पण शेवाळाचा किंवा कुजक्या लाकडाचा तुकडा समजून सोडून दिलेला असतो.

हा प्राणी आहे. रंध्रीय प्राणिसंघातील बहुतेक सगळे सभासद समुद्रात राहतात. जगभरात वर्णन झालेल्या साडेआठ हजारांहून अधिक जातींपैकी गोड्या पाण्यात राहणाऱ्या जाती दोनशेहून थोड्या जास्त आहेत आणि भारतात त्यांतल्या सुमारे तीस. युनेपियसला तोंड नाही, आतडे नाही, चेतासंस्था नाही. शरीरातील नलिकांना अस्तर असलेल्या कॉलर पेशी आपल्या कशाभिका सतत हलवत राहतात. त्यामुळे बारीक छिद्रांतून पाणी आत येते, त्यातले जिवाणू आणि सूक्ष्म कण टिपले जातात आणि वापरलेले पाणी मोठ्या भोकांतून बाहेर पडते. या मऊ शरीराला आकार देतात त्या कंटिका, म्हणजे सिलिकाच्या सूक्ष्म सुया. स्पंजिन नावाचे प्रथिन त्यांना एकमेकींशी सांधून ठेवते.

या जातीची शास्त्रीय कथा मुंबईत सुरू होते. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत होते. शहरातील तळ्यांमध्ये वाढणारे स्पंज त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळले. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा पुरता मिटलेला नव्हता, आणि कार्टर यांच्या निरीक्षणांना त्यामुळेही महत्त्व आले. १८४९ साली त्यांनी मुंबई बेटावरील पाच जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी सिनेरिया, अल्बा, मेयेनी आणि प्लुमोसा ही चार जातिनामे आजही प्रचारात आहेत. पाचव्या स्पंजाला मात्र त्यांनी फ्रायाबिलिस म्हटले. ते नाव लामार्क यांनी आधीच युरोपातील एका स्पंजासाठी वापरले होते आणि मुंबईचा स्पंज त्याहून वेगळा होता. १८६३ साली इंग्लंडमधील स्पंजतज्ज्ञ जेम्स स्कॉट बावरबँक यांनी ही चूक दुरुस्त केली. त्यांनी मुंबईच्या जातीला कार्टर यांच्या सन्मानार्थ स्पंजिला कार्टेरी असे नाव दिले.

चारच वर्षांनी, १८६७ मध्ये, जॉन एडवर्ड ग्रे यांनी युनेपियस ही नवी प्रजाती स्थापन केली आणि कार्टेरी तिची प्रमाण जाती ठरली. म्हणजे युनेपियस म्हणून जगात कुठेही एखादा स्पंज ओळखायचा, तर त्याची तुलना अखेर या मुंबईकर स्पंजाशी करावी लागते. आज हे नाव शास्त्रीय ग्रंथांत युनेपियस कार्टेरी (बावरबँक, १८६३) असे लिहिले जाते. नाव देणाऱ्याचा उल्लेख कंसात असतो, कारण जाती मुळात दुसऱ्या प्रजातीत वर्णन केलेली होती. वरच्या पातळीवर ती स्पंजिलिडी या कुलात मोडते. गोड्या पाण्यातील स्पंज पूर्वी समुद्री स्पंजांच्या एका मोठ्या गणातला उपगण मानले जात. २०१५ साली स्पंजांच्या वर्गीकरणाची फेरमांडणी झाली, तेव्हा स्पंजिलिडा या स्वतंत्र गणात त्यांना जागा मिळाली.

स्पंजाच्या जाती ओळखणे अवघड असते. रंग आणि आकार यांवर विसंबता येत नाही. एकच जाती उन्हात हिरवी दिसते, कारण तिच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते, आणि सावलीत ती राखाडी असते. प्रवाह, आधार आणि वय यांनुसार आकारही पालटतो. खात्रीचा पुरावा दोनच ठिकाणी मिळतो : कंटिका आणि जेम्यूल. प्रतिकूल काळासाठी स्पंज आपल्या शरीरात ज्या सुप्त, कवचबद्ध पेशीपुंजांची साठवण करतो, ते जेम्यूल. युनेपियस कार्टेरीच्या मुख्य कंटिका गुळगुळीत, किंचित वाकलेल्या आणि दोन्ही टोकांना टोकदार असतात. जेम्यूलभोवतीच्या कंटिकाही तशाच, फक्त बारीक आणि आखूड. इतर अनेक जातींच्या मांसल भागात विखुरलेल्या अतिसूक्ष्म कंटिका येथे अजिबात नसतात. निर्णायक खूण म्हणजे जेम्यूलचे आवरण. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या या गोलकावर हवेने भरलेल्या बहुकोनी कप्प्यांचा जाड थर असतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्याच तळ्यात वाढणाऱ्या एफिडेशिया मेयेनीच्या जेम्यूलवर मात्र दोन्ही टोकांना दातेरी चकत्या असलेल्या कंटिका उभ्या रचलेल्या असतात. एकदा हे पाहिले की या दोन जातींची गल्लत होत नाही.

हवेच्या थराचा उपयोग ओळखीपुरता नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी आटू लागते, स्पंज मरतो आणि त्याच्या सांगाड्यात जेम्यूल उरतात. काही तिथेच चिकटून पावसाची वाट पाहतात, तर सुटलेले जेम्यूल हलके असल्याने पाण्यावर तरंगतात, वाऱ्याने सरकतात, पाणपक्ष्यांच्या पायांना आणि पिसांना लागून दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. पुन्हा पाणी मिळाले की आतील पेशी बाहेर येऊन नवा स्पंज घडवतात.

या जातीचा विस्तार पाहिला तर ही सोय किती उपयोगी पडली ते दिसते. भारताबरोबरच श्रीलंका, म्यानमार, इंडोनेशिया, आफ्रिका आणि मॉरिशस येथून तिची नोंद आहे. उष्ण कटिबंधाबाहेर, पूर्व युरोपात, हंगेरीच्या बालाटोन सरोवरातही ती सांगितली गेली आहे. एवढा मोठा नकाशा थोडा जपूनच वाचला पाहिजे. ज्या जातीच्या कंटिका इतक्या साध्या असतात, तिच्या नावाखाली दिसायला सारख्या पण वंशाने भिन्न अशा जाती दडण्याची शक्यता नेहमी असते. त्याची तपासणी डीएनएच्या आधारेच होऊ शकते.

महाराष्ट्रातील नोंदींचा पुढचा टप्पा नेल्सन अ‍ॅनंडेल यांचा. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक. त्याआधीच, १९११ साली, भारतातील गोड्या पाण्याच्या स्पंजांवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि आजही अभ्यासकाला तिथूनच सुरुवात करावी लागते. इगतपुरीच्या तलावातून त्यांनी कॉर्व्होस्पंजिला लॅपिडोसा ही जाती वर्णन केली. ती दगडावर कठीण पापुद्र्यासारखी वाढते आणि मुख्यतः पश्चिम घाटाच्या परिसरातून नोंदली गेली आहे. खंडोखंडी पसरलेली कार्टेरी आणि घाटापाशी थांबलेली लॅपिडोसा एकाच जिल्ह्यात सापडू शकतात, हे या प्राणिगटाचे विशेष. त्यानंतर राज्यात या विषयाकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. पुणे परिसरातील पाच जातींवरील टिपण २०१३ साली प्रसिद्ध झाले, ही त्यातली स्वागतार्ह भर.

कार्टर यांच्या काळातील मुंबईची बहुतेक तळी आता उरलेली नाहीत. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे राहिली, पाणी बुजवले गेले. ज्या शहराने या जातीला नाव मिळवून दिले, तिथेच तिची मूळ वस्तीची ठिकाणे नाहीशी झाली. राज्यातील गावतळी आणि पाझर तलाव मात्र अजून आहेत. हिवाळ्याच्या अखेरीस पाणी उतरू लागते, तेव्हा स्पंज जेम्यूलसह उघडा पडतो आणि ओळख पटवण्यासाठी तोच काळ सर्वांत चांगला. नमुन्यासोबत तारीख, ठिकाण आणि आधाराची नोंद ठेवावी, आणि वाळलेला स्पंज उघड्या हाताने चुरगाळू नये, कारण कंटिका त्वचेत रुततात. प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी आपापल्या तालुक्यातील तळी तपासायला घेतली, तर या नकाशातील महाराष्ट्राचा कोपरा काही वर्षांत भरून निघेल.