रंग गेला तरी इशारा राहावा

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्याच्या दिवसांत रंगांना विशेष वजन येते, कारण भारतीय हवामान विभाग सातारा, सांगली आणि इतर सर्व जिल्ह्यांसाठी पावसाचे इशारे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल अशा चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवावे, नारिंगी म्हणजे सज्ज राहावे आणि लाल म्हणजे कृती करावी, असा या रंगांचा अर्थ आहे. त्याच काळात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी मात्र फुटांत सांगितली जाते; तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांपर्यंत चढले होते. रंग क्षणात लक्ष वेधून घेतो आणि आकडा नेमकी स्थिती सांगतो, म्हणून दोन्ही हवेत. पण वाटेत रंग हरवला, तर इशाऱ्याचे काय होते, हा प्रश्न संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक रंगीत संदेशालाही तितकाच लागू पडतो.

असे रंगीत संदेश प्रोग्रॅममधील चुका शोधण्याच्या साधनातही दिसतात; त्या साधनाला डीबगर म्हणतात. सांगलीच्या विश्रामबागेतील १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय असो वा कऱ्हाडचे १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडणारा एक प्रसिद्ध डीबगर म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी. चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवणे, त्या क्षणी कोणत्या चलात कोणती किंमत आहे हे दाखवणे आणि पुढची एकेक ओळ सावकाश चालवणे, ही त्याची मुख्य कामे होत. २०१९ मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीपासून तो फंक्शनांची नावे, फाइलींची नावे आणि मेमरीतील पत्ते वेगवेगळ्या रंगांत दाखवू लागला, आणि त्यामुळे दाट मजकुरातून हवी ती गोष्ट टिपणे सोपे झाले.

रंग कसा उमटतो

ज्या खिडकीत किंवा पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या आणि उत्तरे वाचायची, त्याला टर्मिनल म्हणतात. टर्मिनलला रंगाची सूचना पाठवण्यासाठी वेगळी वाहिनी नसते. ती सूचना मजकुरातच मिसळून जाते. २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ हे अदृश्य चिन्ह, त्यानंतर उघडणारा चौकटी कंस, मग ३१ हा आकडा आणि शेवटी ‘एम’ हे अक्षर इतके आले की टर्मिनल पुढचा मजकूर लाल रंगात दाखवू लागते, आणि ३१ च्या जागी शून्य असलेली तशीच सूचना येईपर्यंत ते लालच राहते. १९७० च्या दशकात प्रमाणित झालेली ही पद्धत आजही जवळपास सर्व टर्मिनलांत चालते. मात्र अर्थ आणि सजावट एकाच प्रवाहातून वाहत असल्यामुळे, सजावटीत झालेला बिघाड अर्थापर्यंत पोहोचण्याचा धोका या रचनेत मुळातच आहे.

हा धोका किती खरा आहे, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होते. समजा, आयर्विन पुलाची पातळी ४६ फूट असताना ती लाल रंगात छापणारा एक छोटा प्रोग्रॅम विद्यार्थ्याने लिहिला आणि त्याचे आउटपुट पडद्याऐवजी फाइलीत साठवले. फाइलीला रंग कळत नाही, त्यामुळे तिच्यात ‘४६ फूट’ या शब्दांआधी रंगाची सूचना जशीच्या तशी लिहिली गेली. आता दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने ओळीत सापडणारा पहिला आकडा म्हणजे पातळी असे गृहीत धरून ती फाइल वाचली, तर त्याच्या हाती ४६ ऐवजी लाल रंगाचा सांकेतिक क्रमांक ३१ लागेल. ४६ फूट म्हणजे धोका पातळीच्या वर आणि ३१ फूट म्हणजे इशारा पातळीच्याही बऱ्याच खाली. म्हणजेच धोका ठळक करण्यासाठी दिलेल्या रंगानेच धोका लपवलेला असेल, आणि तोही कोठेही एरर न येता.

अशी चूक उघडी पाडण्यात डीबगरची एक शिस्त कामी येते. मजकुरातील अदृश्य चिन्हे जीडीबी टर्मिनलकडे तशीच सोडून देत नाही, तर एस्केपच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि ०३३ हा त्याचा अष्टमान क्रमांक, म्हणजे आठच्या पायावर मोजलेला क्रमांक, छापतो. त्यामुळे वरील प्रोग्रॅम थांबवून छापायची ओळ पाहिली, तर ४६ च्या आधी चिकटलेली सूचना डोळ्यांना स्पष्ट दिसते.

बिघाडाच्या जागा

रंगीत आउटपुट चार ठिकाणी हमखास अडखळते. पहिली जागा म्हणजे समोर टर्मिनल नसणे; यासाठी युनिक्स पद्धतीच्या प्रणालींत ‘इझ-ए-टी-टी-वाय’ हे फंक्शन आहे, जे समोर टर्मिनल आहे की फाइल हे सांगते, आणि फाइल असेल तर प्रोग्रॅमने रंग वगळणे अपेक्षित असते. दुसरी जागा म्हणजे टर्मिनल असूनही त्याला रंग न समजणे किंवा वापरणाऱ्याला रंग नको असणे; त्यासाठी ‘टर्म’ आणि ‘नो-कलर’ अशा नावांच्या सेटिंगकडे पाहावे लागते. तिसरी जागा म्हणजे रंग ठरवणारी यंत्रणाच कोलमडणे. जीडीबी मूळ प्रोग्रॅमच्या ओळी रंगवण्यासाठी ‘सोर्स-हायलाइट’ नावाच्या वेगळ्या लायब्ररीची मदत घेऊ शकतो, आणि त्या लायब्ररीला एखादी भाषा ओळखता आली नाही, तर ती एरर फेकते. तिच्या जुन्या आवृत्त्यांना रस्ट ही भाषा ठाऊक नसल्यामुळे असा प्रसंग प्रत्यक्षात येतो. अशा वेळी जीडीबी ती एरर पकडतो आणि रंगाशिवायचा साधा मजकूर दाखवतो, कारण चूक शोधायला बसलेल्या माणसाला रंग नसला तरी चालतो, पण ओळच न दिसणे चालत नाही.

चौथी जागा सर्वांत दुर्लक्षित आहे, ती म्हणजे लिहिणेच अयशस्वी होणे. डिस्क भरलेली असते, किंवा आउटपुट ज्या प्रोग्रॅमकडे जात होते तो मध्येच बंद पडतो. रंग सुरू करण्याची सूचना गेली आणि रंग थांबवण्याची सूचना जाण्याआधीच प्रोग्रॅम बंद पडला, तर टर्मिनलवरचा पुढचा सगळा मजकूर लाल दिसू लागतो आणि जेथे काहीही बिघडलेले नाही तेथेही धोका असल्याचा भास होतो.

मुद्दाम घडवलेला बिघाड

या जागा केवळ वाचून तपासता येत नाहीत. तेथे बिघाड मुद्दाम घडवून प्रोग्रॅम कसा वागतो ते पाहावे लागते. लिनक्समध्ये यासाठी ‘डेव्ह-फुल’ नावाची एक खास फाइल असते, जिच्यात काहीही लिहू गेल्यास डिस्क भरल्याचीच एरर मिळते. गंभीर बाब अशी की पुष्कळ प्रोग्रॅम या साध्या चाचणीत नापास होऊ शकतात. सी भाषेतील छपाईचे फंक्शन मजकूर आधी मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात ठेवते, खरे लिखाण नंतर होते, आणि त्यामुळे एरर बहुधा साठा रिकामा करताना किंवा फाइल बंद करतानाच समोर येते. शेवटच्या या टप्प्याचे उत्तर न तपासणारा प्रोग्रॅम एकही अक्षर लिहिले गेलेले नसताना काम यशस्वी झाल्याचे कळवून मोकळा होतो.

जीडीबीच्या स्वतःच्या चाचण्या ‘डेजाग्नू’ या चौकटीत लिहिलेल्या आहेत. त्या सहसा टर्मिनलला रंग कळत नाही असे सांगून चालवल्या जातात, म्हणजे अपेक्षित आणि मिळालेला मजकूर ताडून पाहताना रंगाच्या सूचना मध्ये येत नाहीत. रंगांच्या चाचण्यांत मात्र रंग मुद्दाम सुरू करून प्रत्येक सूचना योग्य जागी सुरू झाली आणि योग्य जागी संपली का, हे पाहिले जाते. अर्थाची चाचणी आणि सजावटीची चाचणी अशी वेगळी ठेवण्यामागे चांगला विचार आहे, कारण रंग बंद असताना मजकूर पूर्ण आहे हे आधीच सिद्ध झालेले असते.

एरर हाताळणारा भाग तपासण्यात वेळ का घालवावा, याचे उत्तर टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मिळते. अनेक संगणकांवर विभागून चालणाऱ्या पाच प्रणालींतील १९८ बिघाड त्यांनी तपासले, आणि त्यांपैकी जे सर्वनाशी ठरले त्यांतील ९२ टक्के बिघाड प्रणालीने स्पष्टपणे कळवलेली एरर नीट न हाताळल्यामुळे झाल्याचे आढळले. सर्वनाशी बिघाडांपैकी ५८ टक्के ठिकाणी मूळ दोष एरर हाताळणाऱ्या भागाच्या साध्या चाचणीतूनच सापडला असता. रोज चालणाऱ्या ओळींतील चुका रोजच्या वापरात उघड होतात. क्वचित चालणाऱ्या ओळींतील चुका मात्र नेमक्या अडचणीच्या वेळेपर्यंत दडून राहतात.

अर्थ कशावर टेकवावा

रंग टर्मिनलपर्यंत पोहोचला, तरी तो माणसापर्यंत पोहोचतोच असे नाही. लाल आणि हिरव्यातील फरक ओळखण्याची अडचण जन्मतः असलेली माणसे प्रत्येक समाजात आहेत, आणि ती स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळते. म्हणून माहिती केवळ रंगातून देऊ नये, असा नियम वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतही घातलेला आहे. शिवाय प्रत्येक रंगाच्या अर्थाला स्वतःची मर्यादा असते. सांगलीसाठी दिलेला पावसाचा रंग सांगली जिल्ह्यातल्या पावसाविषयी बोलतो, तर सांगलीत चढणारे पाणी प्रामुख्याने साताऱ्याच्या घाटमाथ्यावर पडलेले असते. सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, क्षमतेच्या कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि मग खाली येते. रंगाबरोबर पुलावरची पातळी आणि धरणातील विसर्गाचे आकडे लागतात, ते यासाठीच.

म्हणून इशारा देणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये ‘धोका’ हा शब्द आणि ४६ हा आकडा साध्या मजकुरात आधी यावेत, रंग त्यांच्यावर नंतर चढावा, आणि रंग चढवताना आलेल्या एररने त्या मजकुराला हात लावू नये. अभियांत्रिकीच्या प्रयोगवहीत प्रोग्रॅम बरोबर चालल्याचे आउटपुट जोडले जाते. त्याच्या शेजारी फाइलीत वळवलेले, रंग बंद केलेले आणि ‘डेव्ह-फुल’कडे पाठवलेले अशी आणखी तीन आउटपुटे जोडण्याची पद्धत पडली, तर त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही की नवा अभ्यासक्रम लागणार नाही. त्यातून तयार होणारा अभियंता उद्या धरणाच्या विसर्गाची, रुग्णालयातील यंत्राची किंवा वीजपुरवठ्याची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम लिहील, तेव्हा बिघाडाच्या वेळी काय दिसेल हा प्रश्न त्याने स्वतःला आधीच विचारलेला असेल.