नव्याचे नऊ दिवस आणि नऊ गोल

मैत्रिणींनो, आमच्या मांजरीचं नाव निघालं, की लोकांना द्राक्ष संशोधन केंद्र आठवतं, नाहीतर साखरेची संस्था. फुटबॉल कुणाला आठवत नाही! पण २०१७ च्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज संध्याकाळी फुटबॉलचीच चर्चा असायची, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. कारण होता पुणे सिटी संघात आलेला नवा स्ट्रायकर, उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो.

स्ट्रायकर म्हणजे सगळ्यांत पुढे राहून गोल करणारा. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा पुण्यानं फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे आणला होता. केवढं नाव! पण पुण्यासाठी त्यानं केले दोनच गोल. त्यामुळे तीन वर्षांनी अल्फारो आला, तेव्हा आम्ही जरा हात राखूनच होतो. आधीच्या वर्षी तो गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळला होता, पाच गोलही केले होते. ‘बघू या’ म्हटलं.

२२ नोव्हेंबरला पहिला सामना दिल्लीशी. आपण २-३ हरलो, पण एक गोल अल्फारोचा. २६ तारखेला कोलकात्यात जाऊन आपण ४-१ जिंकलो, त्यातही त्याचा एक. २९ ला बालेवाडीत मुंबईशी गाठ. लेकानं हट्टच धरला. मांजरी शहराच्या एका टोकाला आणि बालेवाडी दुसऱ्या, त्यात दुसऱ्या दिवशी त्याची शाळा! तरी डब्यात पोळी-भाजी घेऊन आम्ही गेलोच. मुंबईनं आधी गोल केला. मग अल्फारोनं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि अगदी शेवटच्या क्षणी दुसरा गोल मारून सामना जिंकून दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी खुर्चीवर चढून ओरडले! तीन सामने, चार गोल. बचत गटाच्या बैठकीतही मी त्याचंच कौतुक सांगत होते. बायका म्हणाल्या, “वहिनींना काय झालंय?”

आणि ३ डिसेंबरला चेन्नईनं आपल्याच मैदानावर आपल्याला ०-१ हरवलं. अल्फारोचा गोल नाही. पुढेही काही सामने तो कोराच राहिला. झालं! मी टीव्हीसमोर बसून बोटं मोडायला लागले. “नव्याचे नऊ दिवस असतात, दुसरं काय! नुसता इकडून तिकडे पळतोय. बसवा त्याला बाहेर.”

कोपऱ्यात सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्यांना ऑफसाइड माहीत नाही, कुठला संघ आपला तेही शर्टाच्या रंगावरून विचारतात. पण त्या म्हणाल्या, “आगं, त्याच्यापातुर बॉल आला तर मारील ना! त्यानं काय पदरचा आणायचा का?”

मी गप्पच झाले. नीट बघायला लागले, तर खरंच की! अल्फारोला दोघंदोघं घेरून उभे. त्याला पास मिळतच नव्हता. उलट तो बाजूला पळाला, की ते दोघं त्याच्यामागे जायचे आणि मधली जागा मोकळी व्हायची. त्या जागेत शिरायचा ब्राझीलचा मार्सेलिन्हो. आधीच्या वर्षी दिल्लीकडून दहा गोल करून लीगमध्ये पहिला आलेला, तोही यंदा पुण्यात नवाच. ज्या पळण्याला मी ‘नुसतं’ म्हणत होते, त्यातच निम्मं काम होतं. फक्त ते फळ्यावर लिहिलं जात नाही.

डिसेंबर सरता सरता अल्फारोचे गोल पुन्हा सुरू झाले. हंगामाच्या शेवटी त्याच्या नावावर नऊ गोल होते आणि मार्सेलिन्होच्या नावावर आठ. पुणे सिटी ३० गुणांसह चौथं आलं आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचलं. तिथे बंगळुरूनं आपल्याला हरवलं. सुनील छेत्रीनं तीन गोल केले, त्याला कोण काय करणार! पुढच्या हंगामात अल्फारो मध्येच कोलकात्याच्या संघात गेला आणि २०१९ मध्ये पुण्याचा हा क्लबच बंद झाला. लेकाची जर्सी मात्र अजून कपाटात आहे.

माझ्या मनात राहिलं ते सासूबाईंचं वाक्य. कारण मीही कधीतरी या घरात नवी होते. बी.ए. झालेली, शहरात वाढलेली. पहिले आठ दिवस ‘सून किती गुणाची’ असं कौतुक. मग चुलीपुढे बसवलं आणि माझी भाकरी काही फुगेना. “शिकलेली आणली, पण उपयोग काय?” हे शेजारणींना सांगताना मी स्वतः ऐकलं होतं. पीठ किती गरम पाण्यात मळायचं, तवा केव्हा तापला म्हणायचा, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री धीर करून मी विचारलंच, “आई, माझ्या वेळी का नाही हो असं बोललात?”

वातीवरचा हात थांबला. थोड्या वेळानं म्हणाल्या, “तवा मला तरी कुठं खेळ कळत होता गं? मला बी कुणी पास दिला नव्हता.”

वीस वर्षांचं काहीतरी त्या एका वाक्यात सुटलं. आम्ही दोघी हसलो, आणि डोळे पुसले तेही दोघींनीच.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात नवी सून येवो, गटात नवी बाई येवो, नाहीतर ऑफिसात नवी मुलगी. पहिल्या तीन सामन्यांवर तिला डोक्यावर घेऊ नका आणि पुढच्या तीन सामन्यांवर तिला बाहेरही बसवू नका. तिच्यापर्यंत बॉल पोचतोय का, एवढं आधी बघा. आणि पोचत नसेल, तर पास आपणच द्यायचा असतो!