फळ्यावर राहिलेला प्रश्न

शास्त्रज्ञाचे आत्मचरित्र वाचक उघडतो तो शोध कसे लागले हे जाणण्यासाठी. २०२५ च्या मे महिन्यात दिवंगत झालेले डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ वाचताना मनात ठसतो तो मात्र बनारसच्या घरातील एक फळा.

वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरी राहावयास आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार भाच्यासाठी फळ्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मान्य करीपर्यंत, कोणी पुसत नसे. उत्तर सांगून मोकळे होण्याची घाई मामांना नव्हती.

पुढे केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्यासारखा गुरू लाभला. १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि ऐन पंचविशीत कीर्ती चालून आली. खरी कसोटी त्यानंतरची. १९६५ मध्ये अवकाशात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध प्रसिद्ध झाला. बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या सिद्धांताकडे वळले. विश्वाला आरंभ नाही, हे हॉईल यांचे मत मागे पडले. नारळीकरांची शंका मात्र मिटली नाही. १९९३ मध्ये हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी त्या मताची सुधारित मांडणी केली. बहुमत त्यांच्या बाजूस आले नाही.

मग यास हट्ट म्हणावयाचे काय? हट्टी मनुष्य पुरावाच नाकारतो. नारळीकरांनी सूक्ष्मलहरी नाकारल्या नाहीत. ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातील लोहकणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकल्याने त्या निर्माण होत असाव्यात, असा पर्याय गणितासह मांडला आणि तो इतरांच्या तपासणीसाठी खुला ठेवला. विज्ञानात अल्पमतात राहण्याची रीत हीच होय.

१९७२ मध्ये ते मायदेशी परतले. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत आणि उत्तराखाली सही करीत. बनारसचा फळाच जणू टपालाने गावोगाव पोहोचला.

आपल्या वर्गांतील फळे दर तासाला पुसले जातात. अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, ही शिक्षकांची अडचण खोटी नाही. तरीही फळ्याच्या एका कोपऱ्यात एक प्रश्न आठवडाभर तसाच ठेवता येईल. त्यास खर्च येतो तो खडूच्या एका तुकड्याचा.