चवदार तळ्याची चौदा वर्षे

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, एवढेच त्यात म्हटले होते. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्याचा शेवटचा निकाल दिला. मधली चौदाएक वर्षे आपल्या रायगड जिल्ह्याची, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याची, आहेत. अमेरिकेतल्या 1960 नंतरच्या नागरी हक्कांच्या लढ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ वाचले जाते, त्यावरचे चित्रपटही आपण पाहतो. तो लढा ज्या अडचणींतून गेला त्या बहुतेक साऱ्या आपल्या निडी गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तीस-चाळीस वर्षे आधीच येऊन गेल्या होत्या, हे मात्र निडी-नागोठण्याच्या शाळकरी मुलांना कोणी सांगत नाही. म्हणून हा मागोवा.

महाडच का, हा प्रश्न आधी घ्यावा लागेल. कुलाबा-रत्नागिरीतले महार पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या फौजेत होते. पेन्शनीत निघालेले सुभेदार, हवालदार महाडच्या आसपास, विशेषतः दासगावला, येऊन राहिले. लिहिता-वाचता येणारी, जग पाहिलेली ही माणसे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यापैकीच. अस्पृश्यता हा देवाचा नियम नाही, माणसांनी केलेला अन्याय आहे, असे त्यांनी एकोणिसाव्या शतकातच छापून मांडले होते. 1895 मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरून मोठा गहजब झाला. म्हणजे 1927 ची ठिणगी कोऱ्या जमिनीवर पडलेली नव्हती. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे त्याच मातीतले. महाडला परिषद भरवायची आणि डॉ. आंबेडकरांना बोलवायचे, ही खटपट मुख्यतः त्यांची.

बोले यांच्या ठरावानंतर 5 जानेवारी 1924 रोजी महाड म्युनिसिपालिटीने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे तिथे होती म्हणून तो झाला. पण तळ्यावर कोणी गेले नाही. तीन वर्षे तो ठराव दप्तरात राहिला. बाजाराला, सारा भरायला, कचेरीच्या कामाला खेड्यांतून महाडात येणारा महार किंवा चांभार गावात सौदा करी, पैसे मोजी, पण घोटभर पाण्यासाठी त्याला गावाबाहेर जावे लागे. मुसलमान आणि ख्रिस्ती त्याच तळ्यावर पाणी भरू शकत होते.

1 फेब्रुवारी 1960 रोजी अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात शिरले, किरकोळ खरेदी केली आणि खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. खरेदीचे पैसे दुकानाने घेतले होते, बसू मात्र दिले नाही. हा प्रसंग वाचताना महाडचा बाजार आठवल्याशिवाय राहत नाही.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद 19 आणि 20 मार्च 1927 ला भरली. काही हजार माणसे आली होती. त्यांना प्यायला पाणी हवे म्हणून चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घेतले होते. गावात सार्वजनिक तळे, त्यावर म्युनिसिपालिटीचा खुला ठराव, आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याचे सुचवले आणि सारी परिषद रांगेने निघाली. डॉ. आंबेडकरांनी पाणी घेतले, मागोमाग इतरांनी. पुढे कोणीतरी अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेच्या मांडवात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. मार खाणाऱ्यांत फौजेतून आलेली माणसे होती आणि उलट हात उचलू नका, हा आंबेडकरांचा शब्द त्यांनी पाळला. मला या सबंध इतिहासातली ही सर्वांत कठीण गोष्ट वाटते. ज्याला शस्त्र धरता येते त्याने ते न धरणे आणि ज्याला ते धरताच येत नाही त्याने न धरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर तळे बाटले म्हणून 108 घागरी पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले.

4 ऑगस्ट 1927 ला म्युनिसिपालिटीने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. ज्या म्युनिसिपालिट्या खुले धोरण पाळणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे, अशी मागणी बोले यांनी 1926 मध्येच विधिमंडळात केली होती. तिच्यामागे सरकार ताकदीने उभे राहिले असते तर पुढची दहा वर्षे वाचली असती, असे मला वाटते. अमेरिकेने 1964 च्या नागरी हक्क कायद्यात नेमके हेच हत्यार घेतले: भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा नाही. त्याआधी दहा वर्षे, 1954 साली, त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांत रंगावरून मुले वेगळी ठेवणे घटनाबाह्य ठरवले होते. तरी 1964 मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुले शंभरात जेमतेम एक-दोन होती. पैसा अडू लागला तेव्हा शाळांची दारे भराभर उघडली.

डिसेंबर 1927 मध्ये पुन्हा महाडला जायचे ठरले. या वेळी हिंदूंपैकी कोणी जागा दिली नाही, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. 12 डिसेंबरला महाडच्या काही स्पृश्यांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला: हे तळे खाजगी आहे, चौधरी तळे आहे, अस्पृश्यांना त्यावर हक्क नाही. 14 तारखेला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. तरीही आंबेडकर मुंबईहून बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. 25 डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले, ते बापूसाहेब सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याच्या हातून. हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या दोन दिवसांत जे घडले त्याकडे कमी लक्ष जाते.

हजारो माणसे तळ्यावर जायला आणि तुरुंगात जायला तयार होऊन आली होती. सत्याग्रह करायचा असा परिषदेचा कौलही पडला होता. कलेक्टरांनी येऊन सांगितले की दिवाणी न्यायालयाचा हुकूम आहे, तो मोडू नका. आंबेडकरांपुढे पेच होता. हुकूम मोडला तर लढा स्पृश्यांविरुद्ध न राहता सरकारविरुद्ध जातो. पाळला, तर घरदार सोडून आलेली माणसे पाण्याला हात न लावता परत जातात. त्यांनी हुकूम पाळायचे ठरवले आणि लोकांची समजूत घातली. 27 डिसेंबरला तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी शिवले नाही, परिषद उठली.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. पस्तीस वर्षांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापुढे बर्मिंगहॅममध्ये हाच पेच उभा राहिला. एप्रिल 1963 मध्ये अलाबामाच्या न्यायालयाने त्यांच्या मोर्चांवर मनाई हुकूम काढला. किंग यांनी तो मोडला, ते तुरुंगात गेले आणि तिथून त्यांनी लिहिलेले पत्र जगभर गेले. पण त्याच किंग यांनी 9 मार्च 1965 ला सेल्मा गावाच्या पुलावर वेगळे केले. दोनच दिवसांपूर्वी त्या पुलावर मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी रक्तबंबाळ केले होते. दुसऱ्यांदा हजारोंचा मोर्चा निघाला तेव्हा केंद्राच्या न्यायाधीशाचा मनाई हुकूम होता. किंग मोर्चा पुलावर घेऊन गेले, प्रार्थना केली आणि सर्वांना घेऊन मागे फिरले. त्यांच्याच तरुण सहकाऱ्यांनी त्यांना दोष दिला. आठवडाभराने त्याच न्यायाधीशाने मोर्चाला परवानगी दिली आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायद्यावर सही झाली. राज्याचे न्यायालय आपले ऐकणार नाही, केंद्राचे ऐकेल, हा हिशेब त्यामागे होता. आंबेडकरांचा हिशेबही तसाच असावा. ते बॅरिस्टर होते आणि तळे म्युनिसिपालिटीचे आहे हे न्यायालयात टिकेल, अशी त्यांची खात्री होती. परत फिरणे म्हणजे माघार, असे मानणाऱ्यांनी महाड आणि सेल्मा शेजारी ठेवून पाहावे.

हिशेब खरा ठरला, पण फार सावकाश. महाडच्या न्यायालयाने 1931 मध्ये दावा फेटाळला. वादींनी ठाण्याला अपील केले, तेही 1933 मध्ये फेटाळले गेले. मग दुसरे अपील मुंबई उच्च न्यायालयात. निकाल दिला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी. 1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच. वादी हरले आणि तळे खुले झाले.

तो निकाल वाचला की आनंदाबरोबर एक टोचणीही लागते. न्यायालयाने समतेचा प्रश्न घेतलाच नाही. वादींना जी रूढी सिद्ध करायची होती ती अनादिकालापासून चालत आली आहे असे सिद्ध झाले नाही, म्हणून ते हरले. म्हणजे पुरावा मजबूत असता, पाचशे वर्षांचे कागद कोणी पुढे केले असते, तर? तर त्याच कायद्याने माणसाला पाण्यापासून दूर ठेवता आले असते. माणूस म्हणून हक्क, ही भाषा त्या निकालात नव्हती, कारण त्या वेळच्या कायद्यातच ती नव्हती.

अमेरिकेतही न्यायालये अशीच आडवाटेने गेली. काउंटरवर बसलेल्या विद्यार्थ्यांवरचे खटले सर्वोच्च न्यायालयाने 1963-64 मध्ये बहुतेक बारीकसारीक मुद्द्यांवर सोडवले. दुकानदाराला रंगावरून हाकलण्याचा अधिकार आहे का, या मूळ प्रश्नाला हात घातला नाही. नागरी हक्क कायदा झाल्यावर अटलांटातल्या एका मोटेलच्या मालकाने त्याला आव्हान दिले. डिसेंबर 1964 मध्ये कायदा टिकला, तो राज्याराज्यांतल्या व्यापाराचे नियमन करण्याच्या संसदेच्या अधिकारावर. काळ्या प्रवाशाला खोली नाकारल्याने व्यापाराला बाधा येते, असा तो युक्तिवाद. माणसाच्या प्रतिष्ठेचा मुद्दा काही न्यायाधीशांनी वेगळ्या निकालपत्रात लिहिला, एवढेच.

महाडची उणीव भरून निघाली ती संविधानात. अनुच्छेद 15 चा दुसरा भाग काढून पाहा. दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावे घेऊन यादी केलेली आहे. संविधानासारख्या दस्तऐवजात पाणवठ्यांची अशी यादी यावी, यामागे महाडसारखे अनुभव आहेत यात मला शंका नाही. ज्यांच्यावर महाडचा मनाई हुकूम बजावला गेला तेच मसुदा समितीचे अध्यक्ष होते. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यताच नष्ट केली. 1955 मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला आणि 1976 मध्ये दुरुस्ती होऊन त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले.

दोन्ही देशांतली माणसे एकमेकांना ओळखत होती. 1946 मध्ये आंबेडकरांनी काळ्यांचे अमेरिकन नेते डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रो समाजाने जे निवेदन नेले त्याच्या प्रती मागवल्या होत्या. पुढे 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. उसनवारी दोन्ही दिशांनी व्हायला हवी होती. महाडची कथा तिकडे फार थोडी पोचली.

याच काळातली कुलाब्याची आणखी एक गोष्ट इथे जोडली पाहिजे, कारण पाण्याचा हक्क मिळून पोट भरत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 1933 मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. पंचवीसएक गावांनी शेती पडीक ठेवली, उपास काढले, पण माघार घेतली नाही. 1939 पर्यंत तो चालला. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला. वॉशिंग्टनचा 28 ऑगस्ट 1963 चा सुप्रसिद्ध मोर्चाही फक्त स्वातंत्र्यासाठी नव्हता, रोजगारासाठी होता आणि हे त्याच्या नावातच होते. किंग यांचा शेवटचा लढा मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या मजुरीसाठी होता.

रोहा आणि पेण तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या पाहिल्या की लढ्याचा हा पोटापाण्याचा भाग अपुरा राहिला हे दिसते. अनेक वाड्यांत घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. वीटभट्टीवर आगाऊ उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे हंगामभर गाव सोडतात आणि मुलांची शाळा तिथेच तुटते. वेठबिगारी बंदीचा कायदा 1976 चा, वनहक्क कायदा 2006 चा. दोन्ही कागदावर चोख आहेत, जसा महाड म्युनिसिपालिटीचा 1924 चा ठराव चोख होता.

दरवर्षी 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला महाडला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि तशी ती असलीच पाहिजे. माझी विनंती जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि वाचनालये चालवणाऱ्यांना आहे. 17 मार्च 1937 चा उच्च न्यायालयाचा निकाल छापील कायदा-अहवालांत आहे, तो काही पानांचाच आहे. त्याची सोप्या मराठीतली प्रत पेण, नागोठणे, रोहा, महाड इथल्या प्रत्येक शाळेत आणि वाचनालयात ठेवा, आणि नववी-दहावीच्या मुलांकडून ती एकदा मोठ्याने वाचून घ्या. शेजारी अनुच्छेद 15 आणि 17 लावा. काय मिळाले आणि ते किती थोडक्यात हुकले असते, हे मुलांना आपोआप कळेल.