प्रादेशिक कल्याणाची मोजणी : प्रमाण, तीव्रता आणि काळ

किडीच्या सर्वेक्षणात आपण दोन नोंदी वेगळ्या घेतो : किती टक्के झाडांवर कीड आहे आणि त्या झाडांवर प्रादुर्भावाची तीव्रता किती आहे. नीती आयोगाच्या राष्ट्रीय बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकाची रचना याहून फारशी निराळी नाही. आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांना समान भार देऊन बारा निर्देशकांवर प्रत्येक कुटुंब तपासले जाते. भारित वंचितता एक तृतीयांश किंवा अधिक भरली, की ते कुटुंब दरिद्री गणले जाते. गरिबांचे प्रमाण व त्यांच्या वंचिततेची सरासरी तीव्रता यांचा गुणाकार म्हणजे हा निर्देशांक.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ व २०१९-२१ या दोन फेऱ्यांदरम्यान देशातील गरिबांचे प्रमाण २४.८५ टक्क्यांवरून १४.९६ टक्क्यांवर उतरले. तीव्रता मात्र ४७.१४ वरून ४४.३९ टक्क्यांपर्यंतच घटली. जी कुटुंबे रेषेच्या आत राहिली, त्यांचे ओझे फारसे हलके झालेले नाही.

राज्यांची तुलना करताना अधिक सावधगिरी हवी. बिहारचे प्रमाण ५१.८९ वरून ३३.७६ वर, तर मध्य प्रदेशचे ३६.५७ वरून २०.६३ वर आले. टक्केबिंदूंत बिहार पुढे (१८.१३ विरुद्ध १५.९४); पण मूळ पातळीच्या तुलनेत बिहारची घट सुमारे ३५ टक्के आणि मध्य प्रदेशची सुमारे ४४ टक्के. कीटकनाशकाची परिणामकारकता आपण फवारणीपूर्व संख्येच्या संदर्भातच मांडतो, म्हणून माझा कल दुसऱ्या मापाकडे आहे. अर्थात येथे फवारणी न केलेला तुलनेचा वाफा नाही. त्यामुळे या घटीचे श्रेय एखाद्या योजनेला देणे घाईचे ठरेल.

शिवाय पाचव्या फेरीचे क्षेत्रकार्य दोन टप्प्यांत झाले. बिहार व महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात, महामारीपूर्वी मोजले गेले. मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश दुसऱ्या टप्प्यात, जो एप्रिल २०२१ पर्यंत लांबला. वेगवेगळ्या पंधरवड्यांतील नोंदी एकाच तक्त्यात बसवण्यासारखेच हे आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी एकत्रित आकड्यापेक्षा घटकनिहाय तक्ता आधी उघडावा. विजेपासून वंचित लोकसंख्या १२.१६ वरून ३.२७ टक्क्यांवर आली. हा निर्देशक आता जवळपास संपृक्त झाला असून पुढील फरक टिपण्यास तो फारसा उपयोगी नाही. पोषणातील वंचितता ३७.६० वरून ३१.५२ टक्क्यांवरच थांबली आहे. परसबाग, कडधान्ये, कुक्कुटपालन यांचे काम नेमके याच रकान्यात दिसू शकते.