कुंकू आहे, पण सोबत हरवली

नवरा डोळ्यांसमोर धडधाकट बसलेला असताना त्याची बायको रडू लागली, तर आपण काय म्हणतो? ‘अगं, कुंकवाचा धनी आहे ना तुझा, मग डोळे कशाला गाळतेस?’ बोलणारीच्या मनात वाईट नसतं. पण जिचा नवरा ऐन पन्नाशीत स्मृतिभ्रंशाने रोज थोडा थोडा हरवत चालला आहे, तिला हे शब्द फार लागतात.

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणीचं दुखणं, असं आपण धरूनच चालतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो असावा. साठीच्या आतले त्या गणतीत धरलेलेच नाहीत! आणि गंमत पाहा, ज्या रुग्णामुळे अल्झायमर हे नाव पडलं, ती बाई म्हातारी नव्हतीच. फ्रँकफर्टची ऑगस्टे डेटर १९०१ साली इस्पितळात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. नवरा रेल्वेत नोकरीला. दुखण्याची पहिली खूण म्हणजे संशय. नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, असं तिच्या मनाने घेतलं. मग स्वयंपाक चुकू लागला, ती वस्तू लपवू लागली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिने स्वतःचंच सांगितलं. १९०६ मध्ये ती गेली.

म्हणजे सुरुवात नेहमी विसरण्यानेच होते असं नाही. पापलेटसाठी नावाजलेल्या आपल्या सातपाटीतला एखादा पन्नाशीचा तांडेल डोळ्यांपुढे आणा. तिथीवरून उधाण कधी, भांग कधी हे बोटांवर सांगणारा. तो एक दिवस तिथीच चुकतो, खलाशांच्या हिशेबात घोळ घालतो, कधी नव्हे ती शिवी तोंडातून जाते. शेजारी काय म्हणणार? ‘प्यायला लागला वाटतं!’ बायकोही भांडते, अबोला धरते. भांडणात दोन-तीन वर्षं सहज जातात हो.

म्हणून स्वभाव असा पालटला की आधी डॉक्टर गाठा. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, डोक्याला मार लागून आत साकळलेलं रक्त, खोल उदासीनता, यांतही माणूस असाच वागतो, आणि यांवर उपाय असतात. पालघरहून गाडीने मुंबई सेंट्रलला उतरलं की नायर रुग्णालय जवळ. परळला केईएम आहे. दोन्हीकडे मेंदूविकार विभाग आहेत.

निदान स्मृतिभ्रंशाचंच निघालं तर? औषधांनी काहींना काही काळ थोडा आराम पडतो, पण दुखणं मागे फिरत नाही.

किनाऱ्यावरच्या बायकांना असलं दुःख नवं नाही. होडी परतली नाही आणि देहही सापडला नाही, तर ती बाई रडणार तरी कशी? पालघर जिल्ह्यातल्या काही खलाशांच्या बायका, नवरे पाकिस्तानच्या तुरुंगात अडकल्यामुळे वर्षानुवर्षं वाट पाहत राहिल्या. अमेरिकेत पॉलीन बॉस या विदुषींनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांचा अभ्यास केला आणि अशा अर्धवट वियोगाला नाव दिलं. पुढे स्मृतिभ्रंशाच्या घरांतही त्यांना तेच दिसलं, फक्त उलटं. तिथे माणूस घरात नाही पण मनात आहे, इथे माणूस घरात आहे पण मनाने दूर गेला आहे. ना दहावा, ना तेरावा, ना कोणी भेटायला येतं. वर सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं! (विधवेला त्यातून वगळणं हीच मुळात चूक, पण तो विषय पुन्हा कधी.) तो आहे हेही खरं आणि तो गेला हेही खरं, दोन्ही एकदम मनात धरता येतं, असं बॉसबाई सांगतात. मला ते पटतं. रडायला मरणाची वाट कशाला पाहायची?

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते. ‘मुखत्यारपत्र आहे ना, बस्स!’ असं समजू नका. करून देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं. त्याला सहीचा अर्थ कळतो आहे तोवरच बँकेतलं खातं दोघांच्या नावे करा, नॉमिनीचं नाव घाला, नौकेची नोंदणी आणि सोसायटीतले भाग यांचे कागद वकिलाला दाखवा. नंतर मात्र कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि घरी त्याला एकटं टाकून जाणं कठीण.

बाकी घरातलं. वस्तूंच्या जागा बदलू नका. दाराची कडी वर बसवून घ्या. समुद्र दाराशी आहे. सदऱ्याच्या खिशात नाव आणि फोन नंबर शिवून टाका. तो तेच तेच विचारील, तर वाद घालू नका. स्वतःचा जीव फार उबगला तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि हातांची आठवण पुष्कळदा सगळ्यांत उशिरा जाते, बरं का. जून-जुलैच्या बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, घरोघरी जाळी दुरुस्त होत असतात, तेव्हा त्यालाही जाळं आणि सुई देऊन ओट्यावर बसवा. गाठी चुकल्या तर तो झोपल्यावर सोडवून ठेवा.