पायाचा अंगठा आणि पायातला जोडा

श्रोतेहो, कामगार संघटनेच्या माणसाकडून पगार, बोनस आणि महागाई यांविषयी ऐकण्याची लोकांना सवय असते. आज आम्ही पायाच्या अंगठ्याविषयी बोलणार आहोत, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्याला दिवसभर उभे राहून भाकरी मिळवायची असते, त्याचा अंगठा दुखू लागला की त्याचे खाडे वाढतात व मजुरी बुडते, हा आमचा अनुभव आहे.

अंगठ्याच्या बुडाशी, पायाच्या आतल्या कडेला एक गड्डा वर येतो आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो. डॉक्टर त्याला 'बनियन' म्हणतात. आपल्याकडे बनियन अंगात घालतात, म्हणून पुष्कळांचा गोंधळ होतो. कोणी त्याला कुरूप समजतो, कोणी 'हाड वाढले' म्हणतो. कुरूप म्हणजे दाबाने घट्ट झालेली कातडी. येथे मुख्यतः नवे हाड उगवत नाही, असलेली हाडेच जागा सोडतात. अंगठ्यामागचे लांब हाड दुसऱ्या पायाच्या बाजूस सरकते, अंगठा उलट झुकतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. त्यावर जोडा घासला की वरची जागा सुजते व लाल होते. क्ष-किरण चित्रात अंगठ्याचा कल 15 अंशांहून अधिक दिसला की डॉक्टर त्याला विकार समजतात.

हे का होते? काही घराण्यांत पायाची ठेवणच तशी असते. सपाट तळवा, सैल सांधे व आमवात यांनीही भर पडते. स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. पण निमुळत्या टोकाचा, उंच टाचेचा जोडा मूळच्या दोषाला खतपाणी घालतो. 1958 साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी चिनी लोकांचे पाय तपासले. जोडे वापरणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांना हा विकार होता, अनवाणी चालणाऱ्यांत केवळ 1.9 टक्क्यांना. इंग्लंडात केंब्रिजच्या संशोधकांनी जुन्या दफनभूमींतील 177 सांगाडे तपासून 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. अकराव्या ते तेराव्या शतकातील सांगाड्यांत प्रमाण 6 टक्के होते. टोकदार जोड्यांची चाल पडल्यावर, चौदाव्या-पंधराव्या शतकात, ते 27 टक्क्यांवर गेले.

आपल्याकडे प्रश्न निराळ्या वाटेने आला. येथील जोड्यांची मापे इंग्रजांच्या अमदानीत रूढ झाली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. त्यावरून 'भा' या नावाची देशी मापे सुचवण्यात आली. म्हणजे जोडा लांबीला बसला तरी रुंदीला चावतो, ही तक्रार नाजूकपणाची नव्हे.

या तक्रारीची किंमत आम्ही पाहिली आहे. आपल्या भागातून नगर, सुपे, पुणे येथे कारखान्यांत जाणाऱ्या मुलांपैकी एकाला मिळालेला लोखंडी टोकाचा बूट अंगठ्याला लागे. लाजेपायी तो बोलला नाही. पाळीत बूट काढून चपलेवर काम करू लागला. एके दिवशी लोखंडाचा तुकडा पायावर पडला व दोन बोटे गेली. चौकशीत 'बूट घातला नव्हता' एवढेच लिहिले गेले. का घातला नव्हता, हे कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर त्याआधी आम्हीही विचारले नव्हते.

आता उपाय. कागदावर उभे राहून पायाची आकृती काढा व तीवर जोडा ठेवा. आकृती बाहेर डोकावली तर तो जोडा तुमचा नव्हे. खरेदी संध्याकाळी करावी. दिवसअखेर पाय थोडा फुगलेला असतो. पुढे बोटे मोकळी हलावीत, वरचा भाग मऊ असावा, टाच बुटकी असावी. उघडी चप्पल बोटे दाबत नाही, पण तिचा अंगठाही घट्ट नको. दुखऱ्या जागी मऊ गादी लावावी, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे. बोटांमध्ये ठेवायच्या रबरी तुकड्याने आराम पडतो. मात्र वाकलेले हाड त्याने सरळ होत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो. रुंद जोडा वापरूनही चालणे अवघड झाले, तर हाड कापून जागेवर बसवण्याची शस्त्रक्रिया असते. ती दिसण्यासाठी करू नये. पाय पूर्ववत होण्यास महिने लागतात, आणि विकार पुन्हाही उद्भवू शकतो.

सांधा एकाएकी लाल होऊन ठणकू लागला तर तो निराळा आजार, वातरक्त किंवा पू होणे, असू शकतो. त्वरित डॉक्टर गाठावा. मधुमेह्याने तर पायाला घरी पाते लावूच नये. बधिर पायाची जखम कळत नाही.

आमची मागणी साधी आहे. कारखान्यात बूट वाटताना लांबीबरोबर रुंदीही मोजा, आणि ज्याला बूट चावतो त्याला दुसरा द्या. आणि मिरजगावकर मायबापहो, तुमचा मुलगा सुटीवर घरी आला की त्याला पगार विचारता, तसे एकदा त्याचे पायही पाहा.